कापडातून पत्र्याकडे

तय्यब कासकर मूळचा श्रीवर्धनचा. ओमानमधल्या सीबच्या बाजारात तो बरीच वर्षं शिलाई करत होता. ओमानी पुरुषांच्या पायघोळ दिशदाशा, शाळेचे शर्ट, ईदला आपल्याकडच्या बायकांचे ड्रेस, सगळं त्याच्या हाताखालून जायचं. १९९७ साली अर्बाबने, म्हणजे दुकानाच्या ओमानी मालकाने, दुकान मुलाच्या हाती दिलं आणि मुलाने तिथे अत्तरं विकायचं ठरवलं. "खलास, तय्यब," अर्बाब म्हणाला. दुसरीकडे काम धरायची परवानगी मात्र त्याने लिहून दिली.

अझैबाजवळच्या एका वर्कशॉपमध्ये एसीची हवा नेणारे पत्र्याचे डक्ट बनायचे. तिथल्या फोरमनने, कुडाळच्या बाळकृष्ण परबने, तय्यबला हेल्पर म्हणून घेतलं आणि मनापासून शिकवायलाही लागला. पण बाळकृष्ण आकड्यांचा माणूस. फळ्यावर व्यास लिहायचा, कोन लिहायचा, भागाकार मांडायचा आणि म्हणायचा, "आता पत्र्यावर आखा." तय्यबला त्या आकड्यांत काहीच दिसत नसे. सरळ डक्ट जमले, पण गोल डक्टचं वळण आलं की पत्रा वाया जायचा. पुन्हा एकदा तसंच झालं तेव्हा बाळकृष्ण वैतागला. "तय्यबभाई, जरा डोकं लावा."

शुक्रवारी गावी फोन केला तेव्हा तय्यब बायकोला म्हणाला, "रईसा, मी परत येतो. या वयात डोकं चालत नाही."

"शिवताना तरी कुठे आकडे मांडत होतात?" रईसा म्हणाली. "अवघड काही आलं की आधी पेपर कापायचात, माझ्या अंगाला लावून बघायचात."

तय्यबने फोन ठेवला. तिचं खरं होतं. तो कागदावर आकडे मांडून विचार करत नसे. हातात वस्तू फिरवली की त्याला पुढचं सुचायचं. आजवर त्याला वाटायचं, ही हाताची सवय आहे, विचार म्हणजे काहीतरी वेगळं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्याने वर्तमानपत्राची नळी केली, तिरकी कापली आणि उलगडून टेबलावर पसरली. कापलेली कड लाटेसारखी वळलेली होती. बाहीचा खांद्याकडचा भाग असाच तर कापतात. गोल झाल्यावर तो नीट बसतो. त्याने तसे तुकडे कापून चिकटवले. वळण तयार झालं.

बाळकृष्णने ते हातात घेऊन पाहिलं. "माझ्या फळ्यावरही हीच लाट निघते," तो म्हणाला. "तुम्हाला अशी दिसत असेल तर अशी काढा."

मग तय्यब भराभर शिकला. ड्रॉइंग वाचायलाही तो असाच शिकला, आधी कागदाचा डक्ट करून आणि मग रेषा जुळवून. काही वर्षांत आखणीचं टेबल त्याच्याकडे आलं.

२००४ मध्ये त्याच्या हाताखाली झुबेर आला. रत्नागिरीत ट्रान्सपोर्ट कंपनीत कारकून होता, तिशी उलटलेली. तय्यबने त्याला कात्री आणि पेपर दिला. झुबेरच्या नळ्या चुरगळायच्या, तुकडे जुळायचे नाहीत. एकदा तय्यबचा आवाज चढला, "अरे, हात कुठे गहाण ठेवलेस?"

बाळकृष्ण पलीकडून म्हणाला, "मी तुम्हाला डोक्याबद्दल असंच म्हणालो होतो, तय्यबभाई."

थोड्या वेळाने तय्यबने झुबेरला चहा दिला आणि विचारलं, "तुला कसं केलं की कळतं?"

"आकडे ओळीने लिहिले की," झुबेर संकोचत म्हणाला. "मग आकार आपोआप दिसतो."

तय्यबने त्याला बाळकृष्णच्या फळ्यासमोर नेऊन बसवलं.

पुढे सीबमधल्या एका मोठ्या दुकानासाठी जाड पत्र्याचं वळण करायचं होतं. तय्यबने कागद कापला, झुबेरने आकडे मांडले. दोन्हींत बोटभर फरक निघाला. दोघं बराच वेळ शोधत राहिले.

"कागदाला जाडी नसते, भाई," शेवटी झुबेर म्हणाला. "पत्र्याला आहे, वाकवताना तेवढा जास्त लागतो."

तय्यबने आपला कागद पुन्हा वाकवून पाहिला, मान हलवली आणि पत्रा झुबेरकडे सरकवला. "तुझ्या मापाने काप."