चेहरा न दाखवलेला फोटो

गेल्या वर्षी मार्चमधल्या एका मंगळवारी आमच्या वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर मी काढलेला फोटो छापून आला. त्याच दिवशी दुपारी दोनच्या सुमारास फोटोतली बाई आपलं आठ दिवसांचं बाळ सोलापूरच्या दवाखान्यात ठेवून गावी गेली.

बाळ अपुऱ्या दिवसांचं होतं. जन्माच्या वेळी वजन एक किलो दोनशे ग्रॅम. त्या दवाखान्यातल्या नवजात कक्षात एक अभ्यास चालू होता. इतकी लहान बाळं आधी काचेच्या उबदार पेटीत स्थिर करायची आणि मग आईजवळ द्यायची, ही जुनी पद्धत. अलीकडच्या संशोधनानुसार ती बाळं पहिल्या दिवसापासून, ऑक्सिजन चालू असतानाही, आईच्या उघड्या छातीवर ठेवली तर जास्त जगतात. आपल्याकडच्या आयांना दिवसाचे किती तास हे जमतं, याची नोंद इथल्या डॉक्टर ठेवत होत्या. मी बातमी करायला आदल्या दिवशी, सोमवारी गेले.

त्या दिवशी डॉक्टर एका नव्या बाळंतिणीची संमती घेत होत्या. मी घड्याळ पाहिलं. चाळीस मिनिटं लागली. फॉर्म मराठीत वाचून दाखवला, साक्षीदार बसवला, कधीही नाही म्हणता येईल हे तीनदा सांगितलं. शेजारच्या खाटेवर मोहोळ तालुक्यातली, फोटोतली ही बाई बाळाला छातीशी बांधून बसली होती. तिची सासू मला म्हणाली, "आवो, कवळं कोकरू आमी घोंगडीत घालून पोटाशी धरतोच की. तितं कुटं सह्या घेतोय?"

"मेंढीला नाही म्हणता येत नाही ना, आजी," डॉक्टर म्हणाल्या. सगळ्या हसल्या.

पुरुष छायाचित्रकाराला आत प्रवेश नव्हता, म्हणून फोटो मीच मोबाइलवर काढला. मी बाईला म्हणाले, "ताई, चेहरा येणार नाही." तिने सासूकडे पाहिलं आणि मान हलवली. माझं संमती घेणं एवढ्यात झालं.

आमच्याकडे अलिखित नियम आहे: चेहरा कापला की ओळख लपली. मी फोटो हनुवटीखाली कापला. राहिलं ते उघडा खांदा, टोपी घातलेलं बाळाचं डोकं आणि बाळाच्या पाठीवर ठेवलेला हात. त्या हातावर जत्रेत गोंदवलेलं नवऱ्याचं नाव होतं, खाली मोर. पान लावणाऱ्याने विचारलं, "मॅडम, हातावर नाव दिसतंय. झाकू का?"

मी म्हणाले, "राहू दे. झाकलं तर फोटो मरतो."

म्हणजे मला ते दिसलं नव्हतं, असं नाही.

मंगळवारी सकाळी कार्यालयात कोणीतरी ओरडलं, "पहिलं पान! पेढे कुठायत?" मी सात रस्ता चौकातून पेढे मागवले. ते वाटले जात असताना डॉक्टरांचा फोन आला. फोटो गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरत होता आणि बाईचा थोरला दीर जीप घेऊन आला होता.

मी पोचले तेव्हा दीर दारात उभा होता. "घरची सून आन् छाती उघडी टाकून पेपरात? गावात तोंड कुटं दाखवायचं आमी?" डॉक्टर त्याला सांगत होत्या की अभ्यासातून नाव काढू, पण आईला नेऊ नका, बाळाला तिचं दूध हवं. नवरा टेंभुर्णीहून ट्रक घेऊन बाहेरगावी निघालेला. फोनवर त्याने सांगितलं, "दादा म्हणंल तसं."

"आन् प्वारानं काय प्यायचं?" सासूने विचारलं. दिराने जीपची किल्ली काढली.

बाई पिशवी घेऊन बाकावर बसली होती. मी माफी मागितली. ती म्हणाली, "मॅडम, तुमी म्हनला चेहरा न्हाय येनार. न्हाय आला की. तुमचं खरंच हाय."

मी दिराला माझं नाव आणि हुद्दा सांगायला हवा होता. चूक माझी, तिची नाही, असं म्हणायला हवं होतं. तो माझ्यापासून चार पावलांवर होता. मी गळ्यातलं ओळखपत्र काढून पर्समध्ये ठेवलं. माझ्यासमोर ती जीपमध्ये बसली.

बाळापाशी सासू राहिली. तिने ब्लाउज सैल करून सिस्टरांना बाळ स्वतःच्या छातीशी बांधायला लावलं. अभ्यासात आईचेच तास धरायचे होते, आजीचे नोंदवले गेले नाहीत.

वेबसाइटवरून फोटो दुपारनंतर काढला. बातमीत चुकीचं काही नव्हतं, त्यामुळे खुलासा छापला नाही. खुलासा हवा, असं मीही सुचवलं नाही. महिनाअखेरीस उत्कृष्ट बातमीचं प्रशस्तिपत्र मिळालं. मी ते घेतलं. घरी यातलं काही सांगितलं नाही.

पुढचं मला कक्षातल्या सिस्टरांनी सांगितलं. बाईने घरी दूध पिळून पहिले दोन दिवस बर्फाच्या डब्यातून एसटीने पाठवलं. तिसऱ्या दिवशी डबा आला नाही. मग बाळाला पावडरचं दूध सुरू केलं. मध्ये एकदा त्याचं पोट फुगलं, चार दिवस सलाइनवर ठेवावं लागलं. पस्तिसाव्या दिवशी आजी बाळाला घेऊन घरी गेली. वजन एक किलो सातशे ग्रॅम होतं. आईचं दूध तोवर आटलं होतं.