काकींना सगळं समजायचं

लेकराने तोंड उघडायच्या आत त्याला काय हवं ते काकींना समजायचं. गावाला त्याचं कौतुक होतं. मला रोजची डोकेदुखी. मी वर्ध्याकडच्या तळेगावात अंगणवाडी सेविका आणि काकी माझ्या मदतनीस. लेकरांना बोलतं करणं माझं काम, आणि काकी त्यांच्यावर बोलायची वेळच येऊ देत नव्हत्या.

एकाने कान ओढला की त्याला घरी जायचं असे. दुसरीने पाय आपटला की तिला शी आलेली असे. कुणी खिचडीकडे बोट केलं की लगेच त्याच्या हातात वाटी, आणि वर "घे माय." मुलगा असला तरी माय.

लहान लेकरांना 'क' लवकर जमत नाही. तो जिभेच्या मागच्या भागातून काढावा लागतो. ती जिभेच्या टोकाने 'त' म्हणून भागवतात. त्यामुळे काकींची झाली 'ताती'. तेही ठीक. पण काकी स्वतःच दारातून ओरडत यायच्या, "ताती आली वो, ताती!" मी आरसा धरून, तोंड वासून, एकेकाला 'का, का' करून दाखवत बसलेली. पोरं मला पाहून खिदळायची आणि तातीकडे पळायची.

"काकी, निदान तुम्ही तरी नीट बोला."

"नीट बोलाले सारी उमर पडली हाय त्याईले, मॅडम."

परी साडेतीन वर्षांची झाली तरी तिच्या तोंडून एक शब्द नव्हता. घरचे तिच्या आईला टोमणे मारायचे, "मुकी काढली पोरगी." शेवटी मी मायलेकींना घेऊन वर्ध्याला गेले. कान ठणठणीत निघाले. तपासणाऱ्या बाईंनी सांगितलं, "खुणेवर लगेच देऊ नका. वस्तू समोर धरा, नाव सांगा आणि थांबा. मनात दहा मोजा."

काकींनी ते दहा कधी होऊच दिले नाहीत. परीने माठाकडे बोट केलं, मी पेला समोर धरला. "पाणी. काय हवं, परी? पा..." तिचे ओठ जरा कुठे मिटले, तेवढ्यात काकींनी माझ्या हातातून पेला घेऊन तिच्या तोंडाला लावला. "घे माय."

"काकी!"

"काऊन तरसवू राह्यल्या लेकराले पान्यासाठी?"

"मी तिला बोलायला लावतेय."

"थे बोलूनच राह्यली. तुमाले ऐकू येत नाई, त्याले मी काय करू?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी पदराच्या गाठीतून पोपटाने उष्टावलेला पेरू काढला. तो खाल्ला की म्हणे लेकरू बोलतं. धुतला का, विचारलं. "धुतल्यावर गुन राह्यते काय?" मी तो उचलून बाहेर फेकला. दोन दिवस आमचा अबोला.

गेल्या उन्हाळ्यात काकींचं नोकरीचं वय भरलं. त्या कारंजाला लेकीकडे गेल्या. जाताना कोणत्या लेकराच्या कोणत्या खुणेचा काय अर्थ, ते सगळं त्यांनी मला सांगितलं. "ध्यानात ठेवजा, मॅडम." मी मान डोलावली. मनात ठरवलं, यातलं काहीही समजून घ्यायचं नाही.

दोन महिने मी रोज दहा मोजले. परी माझी साडी ओढायची, रडायची, तहानलेली बसायची, पण हूं की चूं नाही. तिच्या आईने तर मला विचारणंही सोडून दिलं.

मग दीड वर्षाची एक नवी छकुली आली. तिने माठाकडे बोट केलं. मी पेला धरला. "पाणी. पा..." मनात चार झाले असतील. परी तरातरा उठली, माझ्या हातातला पेला ओढून घेतला आणि छकुलीच्या तोंडाला लावला. अर्धं पाणी तिच्या फ्रॉकवर.

"धे माय."

'घ' अजून जमला नव्हता. बाकी मान वाकडी करण्यापासून सगळं तातीचं.

मी आधी परीच्या आईला बोलावून घेतलं, मग काकींना फोन लावला. काकींनी ते मला दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाल्या, "मंग? पेरू कामी आला ना?"

"पेरू मी फेकला होता, काकी."

"एक तुमी फेकला."

परी आता तोंड मिटत नाही. छकुली मात्र दोन वर्षांची होत आली, तरी गप्प आहे. तिला काय हवं ते परीला आधीच समजतं. मी पेला धरून मनात मोजते. चारच्या पुढे अजून एकदाही जाता आलेलं नाही.