गोधडीची पांढरी किनार

शिवणताईबद्दल लिहायचं, तर आधी हे सांगायला हवं की शेजारच्या सुताराला ती फारशी माहीत नव्हती. दोघांच्या दुकानांत एकच भिंत. तिच्या मशीनची खडखड इकडे यायची, त्याच्या रंध्याची खरखर तिकडे जायची, एवढीच ओळख. ती भित्री आहे, हे मात्र सगळ्यांनाच ठाऊक होतं. मशीनही तिने दाराकडे तोंड करून मांडलं होतं. "कोण येतंय ते कळलेलं बरं," म्हणायची.

गावात ख्रिस्ती मंडळी दोन: दगडी चर्चवाले आणि पत्र्याच्या छपराखाली प्रार्थना करणारे. एकमेकांच्या लग्नालाही जात नसत. तरी मुलांचे वर्ग, आजाऱ्यांची सोय यांसाठी दोघांत मिळून एक केंद्र बांधायचं ठरलं, कारण एकट्याची ऐपत कुणाचीच नव्हती. निधीसाठी शिवणताईने सुचवलं, घरटी एक जुनं कापड द्या, मी गोधडी शिवते, तिचा लिलाव करा. ती पत्र्याखालची, सुतार दगडी चर्चचा.

लिलावाच्या आदल्या दुपारी मशीन एकदम थांबलं. थोड्या वेळाने ती सुताराच्या दारात उभी. चेहरा पांढराफटक.

"दादा, दार लावून घ्या."

"का गं? कुत्रं मागे लागलं की काय?"

"तुमच्या चर्चच्या पाळकबाई येऊन गेल्या. वेदीवरचं कापड मागत होत्या. कड उसवली होती म्हणून शिवायला दिलेलं म्हणे."

"मग देऊन टाक."

"गोधडीच्या गठ्ठ्यातच आलं हो ते. मला वाटलं, घरचंच जुनं असेल. मी पट्ट्या कापून किनार लावली."

सुताराचा रंधा हातातच राहिला. त्या कापडासमोर त्याचं लग्न लागलं होतं.

"त्यांना काय सांगितलंस?"

"होतंय म्हटलं. दादा, पत्र्यावाल्यांनी मुद्दाम कापलं म्हणतील. केंद्र राहील बाजूला, डोकी फुटतील. दुसरं तसलंच कापड आणून दिलं तर?"

हो म्हणावं, असं सुताराच्या मनात आलं. पण उद्या उघडकीस आलं, तर माहीत असून गप्प बसला म्हणून त्यालाही धरलं असतं.

"त्यावरचे मेणाचे डाग कुठून आणशील?" तो म्हणाला. "सांगून टाक. मी मागे उभा राहतो."

लिलावाला दोन्ही मंडळी पटांगणात वेगवेगळी बसली, मधून गाडी जाईल एवढी वाट सोडून. गोधडी टांगलेला खांब धरून शिवणताईने सगळं सांगितलं. "चूक माझी आहे. आमच्या मंडळीची नाही."

दगडी बाजूचा एक जण उठला, मग दुसरा. सुतार कबूल केल्याप्रमाणे मागे उभा होता आणि फाटक किती लांब आहे ते बघत होता.

पाळकबाई गोधडीपाशी गेल्या. किनारीवरून फिरणारं बोट मेणाच्या डागावर थांबलं.

"हे आमचं आहे. बाहेर जाऊ देणार नाही. पहिली बोली आमची."

"आमच्या आईबापांचे कपडे आहेत त्यात!" पलीकडून कुणीतरी ओरडलं. "त्याच्यावर आमची!"

दोन्हीकडचे असे इरेला पेटले, की शेवटची बोली एकट्याने भरणं कुणालाच जमेना. अर्धी अर्धी भरली. गोधडी कुणाकडे ठेवायची यावरून पुन्हा वाजलं, म्हणून केंद्र उभं राहताच तिथल्या भिंतीवर टांगली.

शिवणताईची भीती काही गेली नाही. केंद्रात ती मुलींना शिवण शिकवायची, तीही दाराकडे तोंड करून. ती वारली त्याच्या आदल्या आठवड्यात सुतार तिथे बाक दुरुस्त करत होता.

"दादा, हे दार किरकिरतं."

"तेल घालतो."

"नको, राहू द्या. कोण आलं ते कळतं."

"बरं. तो खिळ्यांचा डबा दे इकडे."