आईच्या नव्वदीचा केक

मंडळी, दुपारपासून मन विटलंय, म्हणून लिहितोय.

आज आमच्या आईला नव्वद वर्षं पूर्ण झाली. नातवंडांनी महाळुंग्यात हॉल घेतला होता. केक कापला आणि एकेक पाहुणा क्रीमने बरबटलेल्या बोटांनी तिला घास भरवत फोटो काढू लागला. चौदावा घास तिच्या तोंडातून साडीवर पडला. मला किळस आली. तिला ठसका लागेल, ही धास्ती वेगळीच.

"आता बास, पोट फुगलं माझं," आई म्हणाली.

"आजी, गिळू नको, नुसतं आ कर. फोटोपुरतं!" नातू हसला.

हिनं जन्मभर शेतात राबून आम्हा सहा भावंडांना भाकरी घातली. आमची पोटं भरली का, हे विचारल्याशिवाय स्वतः कधी जेवली नाही.

मी ओरडणार, तेवढ्यात फोटोवाल्यानं माझ्याच हातात केक दिला. "काका, थोरले ना तुम्ही? या पुढं!"

मी गेलो.

आईनं माझ्याकडं बघितलं. "तुला बी फोटो पायजे का रं?" म्हणाली आणि तोंड उघडलं.

तो फोटो आता घरच्या ग्रुपवर फिरतोय. सगळे वाहवा करतायत. तो काढून टाका, असं कोणत्या तोंडानं सांगू?