सासूबाईंच्या मांडीवरचा बोका

आमच्या बोक्याची लघवी तुंबली तेव्हा ऊसतोड चालू होती. घरात कुणाला मान वर करायला सवड नव्हती. बोका राखेत जाऊन बसायचा, कुंथायचा आणि तसाच उठून यायचा. दुसऱ्या दिवशी दुधालाही तोंड लावेना. मी म्हटलं, इस्लामपूरला जनावरांच्या दवाखान्यात न्या. ह्यांनी काय करावं? साखरेच्या रिकाम्या पोत्यात त्याला कोंबलं, तोंड सुतळीनं आवळलं आणि पोतं फटफटीच्या हँडलला लटकवलं. मी मागे बसले.

आमच्याकडे मांजर पोत्यात घालतात ते एकाच कामासाठी. नकोसं झालं की नदीपलीकडं नेऊन सोडायचं. हा बोकाही असाच कुणीतरी आमच्या मळ्यात आणून सोडलेला. दवाखान्यात पोतं उघडलं तर आत बोका कसला, नुसता जाळ! ह्यांचा हात कोपरापर्यंत ओरबाडला. त्यात आजूबाजूला म्हशी आणि साखळीला बांधलेलं एक कुत्रं. डॉक्टर म्हणाले, "भीतीनं अंग ताठ केलंय त्यानं. असा मला तपासता येणार नाही. शांत करून दुपारी आणा. पण आजच आणा, नाहीतर दगावेल."

घरी सासूबाईंनी लेकाला असं झाडलं की विचारू नका. "येडा का खुळा रं तू? त्येला वाटलं आसंल, ही बी टाकायलाच निघाल्यात." एरवी याच सासूबाई गळ्यात माळ घालून, मांजर शिवलेला तांब्या पुन्हा पुन्हा घासणाऱ्या. पण दुपारचा बोका त्यांच्याच पायाशी झोपायचा. त्यांनी खोल पाटीत आपलं वापरातलं लुगडं अंथरलं आणि पाटी त्याच्यासमोर ठेवून गप्प बसल्या. मला घाई सुटलेली, पण बोलायची सोय नव्हती. बऱ्याच वेळानं बोका आपणहून आत जाऊन बसला.

आम्ही दोघी वडापच्या, माणसं भरून नेणाऱ्या जीपनं निघालो. "ते गाणं बंद कर रं," त्यांनी ड्रायव्हरला बसल्या बसल्या सांगितलं. दवाखान्यात त्या आत गेल्याच नाहीत. म्हशींपासून लांब, लिंबाखाली बसल्या, बोक्याला मांडीवर घेतलं, वरून पदर टाकला. डॉक्टर बिचारे बाहेर आले. त्यांनी इंजेक्शन दिलं, हलक्या हातानं पोट दाबलं. सासूबाईंचं आपलं चालूच होतं, "हाय मी, हाय. कुठं बी टाकत न्हाई तुला." बोका हू की चू करेना. पण लघवीही होईना. "वाट बघा, आणखी काही माझ्या हातात नाही," डॉक्टर म्हणाले.

परतीच्या जीपमध्येही बोका त्यांच्या मांडीवर पदराखालीच होता. मधेच सासूबाई एकदम ताठ झाल्या. मला वाटलं, गेला. मी पदराकडं हात नेला, तर त्यांनी तो अडवला. त्यांचे डोळे भरून आलेले.

"मुतला गं," त्या हळूच म्हणाल्या. "हलू नगंस. हूं दे त्येचं समदं."

आणि घर येईपर्यंत त्या तशाच ओल्या लुगड्यात बसून राहिल्या.