मे महिन्यातला स्वेटर

"उजेडात ये गो. ट्यूबखाली सगळ्याच गोऱ्या," असं म्हणत सिस्टर समोरच्या बाईचा पदर धरायच्या आणि तिला सरळ गॅलरीत ओढत न्यायच्या. पदराचं टोक दोन बोटांत धरून, मान तिरकी करून बघायच्या. मग निकाल लागायचा. "हाय. बरा हाय." किंवा, "नाय. ह्यात तू तापातनं उठल्यासारखी दिसतेस."

पेणला आमच्या समोरच्या दारात त्या राहायच्या. सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झालेल्या, एकट्या. नोकरीची सगळी वर्षं पांढऱ्या साडीत गेली, त्याचं उट्टं त्या आता काढत होत्या. कपाट उघडलं की रंगपंचमी. रंगांना त्यांची स्वतःची नावं असत. "शिजत आलेल्या कोळंबीचा", "वालाच्या बिरड्याचा", "गणपतीच्या सोंडेचा गुलाबी". गणपती घडवणाऱ्या पेणमध्ये हा शेवटचा रंग कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

बिल्डिंगमध्ये कुणाकडे लग्न असो, बारसं असो, घरच्यांचा एकत्र फोटो असो, कपड्यांच्या पिशव्या आधी सिस्टरांकडे जायच्या. तुमच्याही शेजारी असं एखादं दार असेल, बेल न वाजवता ढकलायचं. त्यांचा निर्णय नेहमी बरोबर असे असं मात्र मुळीच समजू नका. तिसऱ्या मजल्यावरच्या कुटुंबाला त्यांनी आजोबांच्या पंचाहत्तरीला नखशिखांत पिवळं केलं होतं. फोटोत ती मंडळी शाळेच्या बसेस रांगेत उभ्या केल्यासारखी दिसतात. कुणी तसं बोललं की सिस्टर म्हणायच्या, "लांबून वळखू येतात का नाय? मग?"

आमची पाळी आली ती सासूबाई गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात. माझे सासरे, अण्णा, रोह्याला थोरल्या दिरांकडे असतात. सासूबाई गेल्यापासून ते खोलीतून फारसे बाहेर येईनासे झाले होते. जेवायला बोलावलं की यायचे, जेवायचे, परत खोलीत. हसणं तर नाहीच. म्हणून थोरल्या जाऊबाईंनी फोटोचा घाट घातला. सगळ्यांनी छान कपडे घालून नदीकाठी जायचं, चांगला फोटोग्राफर बोलवायचा, अण्णांनाही तेवढंच बरं वाटेल.

फोटोग्राफरने निरोप पाठवला, 'पेस्टल शेड्स घाला.' झालं. घरच्या ग्रुपवर युद्ध पेटलं. जाऊबाईंना फिका गुलाबी हवा, मला आकाशी. दीर कंपनीत शिफ्टला असतात, त्यांनी जाहीर केलं, "मी शिफ्टवरून येईन तसा उभा राहतो." या धुमश्चक्रीत अण्णा म्हणाले, "तुमचे तुम्ही काढा. मी येत नाही." जाऊबाईंचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज रडवेला झाला होता. "अण्णाच नाहीत तर फोटो काढायचा कुणाचा गं?"

मी हे सिस्टरांना सांगितलं. त्यांनी आधी वेगळंच विचारलं. "पेस्टल म्हंजे काय गो?"

"फिके रंग."

"म्हंजे धुवून धुवून विटलेले. ते तर घरातच असतात की." मग म्हणाल्या, "मी येते तुझ्यासंगं रोह्याला."

शनिवारच्या गाडीने आम्ही निघालो, दोघींच्या मध्ये तीन पिशव्या. निडी स्टेशनात गाडी क्रॉसिंगसाठी थांबली, तेवढ्यात सिस्टरांनी माझ्या साड्या काढून खिडकीच्या उजेडात धरल्या. समोर बसलेल्या दोन भाजीवाल्यांनी न विचारता मतं दिली. आकाशीला एकही मत पडलं नाही.

रोह्याच्या घरात पलंगावर कपड्यांचा ढीग पडला होता. सिस्टरांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्या थेट अण्णांच्या खोलीच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"अण्णा, तुम्ही काय घालताय?"

"मी येत नाही."

"ते मी इचारलं नाय. आला असता तर काय घातलं असतं?"

अण्णांनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. हा प्रश्न त्यांना आमच्यापैकी कुणी विचारलाच नव्हता. गुलाबी की आकाशी हे आम्ही दोघीच ठरवत होतो. मग ते उठले. कपाटाच्या खालच्या कप्प्यातून त्यांनी एक पिशवी काढली. डांबराच्या गोळ्यांचा वास घरभर पसरला. आत हाताने विणलेला मरून रंगाचा लोकरीचा स्वेटर होता.

"अहो अण्णा, मे महिना आहे!" जाऊबाई म्हणाल्या.

"म्हणूनच सांगत नव्हतो." ते स्वेटरवरून हात फिरवत राहिले. "हिने महाबळेश्वरला जायचं म्हणून विणला. जाणं काही झालं नाही. इथे रोह्यात कधी घालणार? एकदा घालून दाखवा म्हणायची. राहूनच गेलं."

जाऊबाई आत निघून गेल्या. परत आल्या तेव्हा तोंड धुतलेलं होतं. गुलाबी साडीची घडी घालत म्हणाल्या, "सिस्टर, मरूनबरोबर काय जाईल?"

"आता कसं!" सिस्टर म्हणाल्या. "नवरदेवाचा रंग ठरला. वऱ्हाडानं मागनं यायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन चढायच्या आत, आम्ही कुंडलिकेच्या काठावर होतो. आम्ही सगळे सायीच्या रंगात, आणि मध्ये खुर्चीवर अण्णा, गळ्यापर्यंत बटणं लावून, मरून. कपाळावर घामाचे थेंब. बाजूला पोपटी साडीतल्या सिस्टर, एका हातात ओला नॅपकिन आणि दुसऱ्या हातात कोकम सरबताची बाटली. दर दोन फोटोंनंतर त्या पुढे येत, स्वेटरची बाही वर सारत आणि अण्णांची नाडी बघत.

"मावशी, तुम्ही फ्रेममध्ये येताय," फोटोग्राफर वैतागला.

"अरे, माणूस धड राहिला तर फ्रेम ना!"

सकाळी फिरायला आलेले एक गृहस्थ थबकले. स्वेटर, नाडी बघणारी बाई, सरबत, सगळं बघून त्यांनी काळजीने विचारलं, "तब्येत बरी नाही का?"

अण्णा गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "थंडी फार पडलीय."

क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग दीर फिस्सकन हसले, मग जाऊबाई, मग मुलं, आणि शेवटी अण्णा स्वतः. खांदे हलेपर्यंत हसले. फोटोग्राफरने बटण दाबलं ते तेव्हाच.

तोच फोटो सगळ्यांत चांगला आला. सगळं घर खिदळतंय आणि मधोमध एक पोपटी बाई खाली मान घालून नाडीचे ठोके मोजतेय. "मावशींना कॉम्प्युटरवर पुसून टाकतो," फोटोग्राफर म्हणाला. अण्णा म्हणाले, "त्यांना पुसणार असाल तर मलाही पुसा."

त्यानंतर अण्णा संध्याकाळचे ओट्यावर येऊन बसू लागले. सिस्टरांना फोनही करायचे. हयातीच्या दाखल्याला जाताना कुठला शर्ट घालू, असं त्यांनी एकदा विचारलं. सिस्टर म्हणाल्या, "भडक घाला. शंकाच नको."

मागच्या श्रावणात सिस्टर झोपेतच गेल्या. चिपळूणहून त्यांची भाची आली. भिंतीवर लावायला तिला फोटो हवा होता आणि तो कुणाकडेच नव्हता. अख्ख्या बिल्डिंगला फोटोसाठी सजवणारी ही बाई स्वतः कुणाच्याच फोटोत नव्हती. होती ती फक्त आमच्या. त्यातून एकट्या सिस्टरांना कापून काढायची फोटोग्राफरने खूप खटपट केली, पण सिस्टरांची बोटं आणि अण्णांचं मनगट काही वेगळं करता येईना. शेवटी त्याने ते तसंच ठेवलं.

आता चिपळूणच्या घरात सिस्टर आहेत, पोपटी, खाली बघणाऱ्या. आणि चौकटीच्या कोपऱ्यातून मरून लोकरीची एक बाही आत आलेली आहे. येणारा जाणारा विचारतो, हा स्वेटरवाला कोण? लोकांना काय सांगू, असं भाचीने मला फोनवर विचारलं. मी अण्णांना विचारलं.

ते म्हणाले, "सांग, पेशंट बरा आहे."