आम्ही की आपण

लेथवर माझ्या शेजारी अठरा वर्षं उभा राहिलेला माणूस माझ्यापेक्षा चांगलं गाणं लिहील, असं कोणी म्हटलं असतं तर मी हसलो असतो. त्यानं रजेच्या अर्जाखेरीज जन्मात काही लिहिलं नव्हतं. मी मात्र दीक्षितपुऱ्यातल्या आमच्या मंडळाची स्वागतगीतं वीस वर्षं लिहीत आलोय. पेटीही मीच वाजवतो.

दर हिवाळ्यात सदरच्या मैदानावर आमच्या या हिंदी मुलखातल्या गावातल्या बंगाली, तेलुगू, मल्याळी संघांची कबड्डी होते आणि खेळाआधी प्रत्येक संघ आपलं गाणं म्हणतो. मराठी संघ मात्र दोन असायचे. एक आमच्या मंडळाचा, दुसरा फॅक्टरीमागच्या बौद्ध वस्तीचा. माझा लेथवरचा सोबती त्या वस्तीतला. निवडणुकीत आमचे झेंडे वेगळे, वर्षाचे कार्यक्रम वेगळे, आणि दोन्ही संघ पहिल्याच दिवशी हरून घरी. यंदा खेळणाऱ्या पोरांनीच ठरवलं की संघ एकच. मग गाण्यावर घोडं अडलं. आमची आरती तिकडे चालेना, तिकडची वंदना इकडच्या काहींना खपेना. नवीन लिहायचं ठरलं, आणि ते मीच लिहिणार हे मी धरूनच चाललो.

तीन आठवडे खपलो. 'आम्ही मराठी नर्मदातीरी, आम्ही अभेद्य, आम्ही अजिंक्य', अशी सहा कडवी. मंडळाच्या हॉलमध्ये वाचली तेव्हा आमच्याकडच्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. पोरं एकमेकांकडे पाहू लागली. त्यांना मराठी कळतं, पण तोंडात हिंदीच येतं. एकानं शेजारच्याला 'अभेद्य मतलब?' असं हळूच विचारलेलं मला ऐकू आलं. मग वस्तीतला कप्तान उभा राहिला. रेल्वेत नोकरीला आहे, बोलायला अगदी अदबीचा.

"काका," तो म्हणाला, "तुमच्या या 'आम्ही'मध्ये आम्ही आहो का?"

मी व्याकरण सांगणार होतो, त्याऐवजी हातातला कागद पुन्हा चाळला. हिंदीत 'हम' म्हटलं की भागतं. मराठीत समोरच्याला धरून बोलायचं तर 'आपण', त्याला वगळून बोलायचं तर 'आम्ही'. हे मी दुसऱ्यांना शिकवत आलोय. सहा कडव्यांत 'आपण' एकदाही आलं नव्हतं.

तेव्हा माझ्या सोबत्यानं खिशातून एक जुना गेटपास काढला. त्याच्या मागे चार ओळी लिहिलेल्या. टेबलावर बोटं वाजवत तो म्हणू लागला: "काहून भिऊन राहिला गड्या, आपण आहो ना. तू पडला तर मी उचलतो, आपण आहो ना." दुसऱ्या वेळी सगळी पोरं त्याच्याबरोबर म्हणत होती. इथल्या हिंदीतही 'अपन' म्हणजे आपणच, त्यामुळे कोणाला अर्थ विचारावा लागला नाही.

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. गाण्यात कोणी 'का'च्या जागी 'काहून' घालतं का, असं घरी येऊन बायकोला विचारलं. अहो, तुम्हीच दिवसातून दहादा म्हणता, असं तिनं सांगितलं आणि ती कणीक मळायला गेली. पुढे पंधरा दिवस मी जळत होतो. फॅक्टरीत त्याच्याशी बोलत होतो, त्याच्या डब्यातली जवसाची चटणी खात होतो, आणि त्याचं गाणं चारचौघांत फसावं असं मनापासून इच्छित होतो.

सामन्याच्या दिवशी पेटी माझ्याकडेच होती. सरावाला मी पोरांना झेपेल अशी खालची पट्टी देत असे. त्या दिवशी चांगली वरची धरली. चुकून नाही.

पहिल्याच 'आहो ना'ला त्यांचे आवाज फाटले. समोरचे बंगाली हसले. कप्तानानं माझ्याकडे पाहिलं, मी पेटीकडे. मला बरं वाटलं, ते का लपवू? मग मागच्या मांडवातून गाणं सुरू झालं. बायकांना ती पट्टी नेमकी बसली होती. मंडळातल्या काय, वस्तीतल्या काय, सगळ्या उभ्या राहून म्हणत होत्या, आणि त्यांच्यात माझ्या बायकोचा आवाज सगळ्यांच्या वर होता. वीस वर्षांत माझं एक गाणं तिनं पाठ केलेलं नाही. हे कधी केलं, देव जाणे. मैदानात पोरांनी एकमेकांचे हात धरले आणि तीही पुन्हा म्हणू लागली, बायकांच्या एक सप्तक खाली. मला शेवटपर्यंत साथ करावी लागली. सामना आम्ही तीन गुणांनी हरलो, पण त्याबद्दल कोणी बोलत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी लेथ सुरू करण्याआधी सोबत्यानं माझ्या पाठीवर थाप मारली. "पट्टी बायकांसाठीच वर घेतली ना तू? मला तर सुचलंच नसतं."

मी 'हो' म्हणालो. त्यानं तोच गेटपास पुढे केला. गाणं छापायचं ठरलं होतं, आणि खाली त्यानं नावं लिहून ठेवली होती, आधी माझं, मग त्याचं. माझं नाव कशाला, ओळी तुझ्या आहेत, असं मी म्हटलं.

"असू दे ना बे," तो म्हणाला. "आपण केलं."

त्याच्या 'आपण'मध्ये मी होतो. मी तो गेटपास परत दिला, माझं नाव खोडलं नाही. पोटात अजून दुखतं.